कीड न लागलेली कमळं

कमळ वाळवणं हा काय ताप असतो, ते ज्यानं कधी वाळवलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. मिरच्या वाळतात, डाळ वाळते, सरत्या पावसात कपडेसुद्धा दोन दिवसांनी का होईना वाळतात. कमळ वाळत नाही. त्याच्या पाकळीत अर्धा तलाव मुरलेला असतो, आणि भादव्यातल्या आमच्या गावच्या हवेत उरलेला अर्धा. संध्याकाळी जुन्या लुगड्यावर पसरलेल्या गुलाबी पाकळ्या सकाळी काळ्या पडून चिकटून बसलेल्या असायच्या आणि मी त्या नखानं खरवडत बसायची. तो सगळा पावसाळा मी चिडलेली होते. आता केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी ते दिवस लिहायला घेतले की दात-ओठ खाल्ल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.

आमचं घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, सिहोऱ्याच्या अलीकडे आत वळलं की लागणाऱ्या गावात. घरात माणसं चार: बाबा, माय, मी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी माहेरी परत आली ती आली, आणि घर तिच्या हातात गेलं. बाबा बांध्यांतल्या धानाचे मालक होते, बैलांचे मालक होते, पण उंबऱ्याच्या आत त्यांचं काही चालत नसे. माय तर भाजीत मीठ टाकण्याआधी एकदा तिच्याकडे बघायची. पहाटे चुलीवर अंबाडी शिजायची, मुसळीखाली जवसाची चटणी व्हायची, पाळीवरून बैलांच्या घंट्या उतरायच्या, धानगिरणीचा पट्टा फटफटायला लागायचा, आणि या सगळ्याच्या वर आत्याबाईचा आवाज असायचा. ती रागवत नसायची, नुसती बोलायची, पण तिचं नुसतं बोलणंच पाळीपलीकडे ऐकू जायचं. तिला अभिमान एकाच गोष्टीचा होता. आमच्या घरात कशालाही कीड लागत नाही. बांबूच्या ढोलीतला धान असो, डाळीचे डबे असोत, गोधड्यांची चळत असो की माझी जुनी पुस्तकं, जिथे हात घालाल तिथे कडुनिंबाचा वाळका पाला हाताला लागायचा. पाहुणा आला की ती डाळीची मूठ त्याच्या नाकासमोर धरायची. "पाह्यजो, एक तरी किडा सापडते का." पाहुणाही बिचारा चष्मा पुसून पाहायचा.

मी नागपुरात रसायनशास्त्र शिकले आणि शिकता शिकता तिथल्या एका प्रयोगशाळेत एक यंत्र पाहून आले. सगळं खूळ तिथून सुरू झालं. फुलातून अर्क काढायचा तर लोक फुलं पाण्याबरोबर उकळतात, नाहीतर एखाद्या द्रावकात भिजवतात. उकळलं की नाजूक वास शिजून जातो, आणि भिजवलं की द्रावकाचा वास मागे राहतो. हे यंत्र कार्बन डायऑक्साइड वायू घ्यायचं, त्याला प्रचंड दाबायचं आणि अंघोळीच्या पाण्याइतकी ऊब द्यायचं. मग तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. त्या अधल्यामधल्या अवस्थेत तो फुलांच्या भुग्यात हवेसारखा आत शिरतो, तेलासारखा वास आणि मेण विरघळवून घेतो, आणि दाब सोडला की आपला उडून जातो. बाटलीत उरतो तो फुलाचा अर्क, त्याच्याशिवाय काही नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यात मोगरा होता. बाटली नाकाशी धरली आणि मला वाटलं, आपल्याला जन्मभर हेच करायचं आहे. असं वाटणं पुन्हा कधी आलं नाही, म्हणून ते नीट आठवतं.

घरी आल्यावर जेवताना मी हे सगळं हातवारे करकरून सांगितलं. त्या दिवशी लाखोळीच्या डाळीचे वडे होते. आत्याबाई वाढत होती आणि मान डोलावत होती.

"म्हंजे सोड्याच्या बाटलीतली हवा," ती म्हणाली.

"हाव, थेच."

"थे फुलातला वास काढते?"

"काढते."

"मंग फुलाले काय उरते?"

"काही नाई. भुसा."

"बिचारं फूल," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक वडा टाकला.

प्रयोगशाळेत यंत्र ज्यांच्या ताब्यात होतं त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत. मोजकं बोलायच्या, चष्मा कपाळावर सरकवून तोच शोधत फिरायच्या. त्यांच्या हाताखाली संशोधनाची जागा एक होती आणि मागणारे आम्ही दोघे. त्यांनी दोघांना सारखंच सांगितलं. आपापलं फूल निवडा, वाळवून आणा, एकेकदा यंत्र मिळेल, ज्याच्या अर्कात दम असेल तो राहील. दुसऱ्या मुलानं झेंडू घेतला. झेंडूला काय धाड भरली आहे, बाजारात पोत्यानं मिळतो आणि कुठेही टाका, वाळतो. मी कमळ घेतलं, कारण त्या प्रयोगशाळेत कमळाला कुणी हात लावला नव्हता, आणि आमच्या तलावात पाण्यापेक्षा कमळं जास्त. शहाणपण नडतं ते असं. इकडे बाबांनी आंधळगावच्या एका खाजगी शाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. विज्ञान शिकवायचं, दिवाळीनंतर रुजू व्हायचं. बाबा म्हणाले, "तुह्यं यंत्राचं जमलं तं नागपूर. नाई जमलं तं शाळा. मंग रडारड नाई पायजे." मी हाव म्हणून बसले. शाळेचं नाव काढलं की मी ताटावरून उठायची. खडू, हजेरी, आणि दरवर्षी तोच ऑक्सिजन तयार करून दाखवणं. मला तो मोगरा पाहिजे होता.

तर मग कमळ. तलावातली कमळं आणि मासे, दोन्ही सोमाकाकाकडे. आमच्याच गावचा ढिवर, बाबांच्या वयाचा, आणि त्याचा डोंगा त्याच्याहून जुना. मी त्याला पहिल्या दिवशी दहा वेळा बजावलं की मला पूर्ण उमललेली फुलं पाहिजेत, पहाटेची. तो हाव हाव म्हणाला आणि टोपलीभर कळ्या घेऊन आला.

"काका, कळ्या काहून आनल्या?"

"कमळ म्हंजे कळीच, पोरी. गौरी-गनपतीले कळी, नवरात्रीले कळी. उमललेलं कोन घेते?"

"मले उमललेलंच पायजे. वास मधातल्या पिवळ्या भागात असते, उमलल्यावर."

"देवाले चालत नाई थे तुह्या यंत्राले कसं चालते?" तो खरोखर विचारत होता, टोमणा नव्हता तो, म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी कळ्या, तिसऱ्या दिवशी कळ्या. त्याचा हातच कळीवर जायचा, जन्माची सवय. शेवटी मीच त्याच्या डोंग्यात बसून जायला लागले. पण डोंगा त्याचा, म्हणून आधी त्याची जाळी आणि मग माझी कमळं. जाळी उचलून होईपर्यंत ऊन वर यायचं, मधमाश्या आपलं काम आटपून गेलेल्या असायच्या आणि फुलाचा वास निम्मा उडालेला असायचा. मी पाण्यात हात घालून देठ ओढायची, देठाचे काटे बोटांना ओरखडायचे, आणि सोमाकाका मागे बसून निवांत विचारायचा, "जेवली का वं सकाळी?"

वाळवण माळ्यावर. उन्हात नाही, सावलीत, कारण उन्हानं वास जातो. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे दुसरा कुठला वास त्यात शिरेल. हा वायू काही निवडून घेत नाही. भुग्यात जे जे वासाचं आणि तेलाचं असेल ते सगळं ओढून काढतो. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं की मायनं झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. आणि ऐकलं हो सगळ्यांनी, ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. चुलीचा धूर माळ्यावर चढतो म्हटल्यावर मायनं चूल बाहेर पडवीत नेली. मग पावसाची सर आली की भाकरी भिजायच्या आणि भिजलेल्या भाकरी आम्ही सगळे मुकाट्यानं खायचो. बाबा बिडी ओढायला गोठ्यात जाऊन बसायचे. माळ्यावर टांगलेली सुक्या माशांची पिशवी शेजारणीकडे गेली आणि पुन्हा आलीच नाही. लसणाची जुडी गेली, रॉकेलचा डबा गेला. आत्याबाईनं डोक्याला लावायचं तेलसुद्धा सोडलं, माळ्याची शिडी तिच्या खोलीतून होती म्हणून. एवढं कोण कुणासाठी करतं? आणि केलं म्हणूनच पुढे धड भांडताही आलं नाही.

हळूहळू डबा भरत आला. पत्र्याचा मोठा डबा, तो आत्याबाईच्या खोलीत ठेवायचा, कारण घरात कोरडी जमीन तेवढीच. मग नागपूरच्या तारखा सुरू झाल्या. किराणा दुकानातल्या फोनवर निरोप यायचा आणि मी चप्पल न घालता धावायची. वायूचं सिलिंडर आलं नाही, पुढच्या आठवड्यात या. सिलिंडर आलं पण झाकणाची रबरी चकती गळून राहिली, ती मुंबईहून येईल. चकती आली पण बरोबर मापाची नाही. मधल्या काळात तलावातली कमळं संपत चालली, सोमाकाका दिवाळीच्या लक्ष्मीपूजनासाठी उरलेल्या कळ्या छाटायला लागला, हलका धान कापणीला आला. झेंडूवाल्याचं काम चकती बिघडण्याआधीच होऊन गेलं होतं. त्याचा अर्क केशरी, दाट, चांगला निघाला म्हणे. मला भूक लागेनाशी झाली. मग एकदाचं बोलावणं आलं. निघायच्या दिवशी आत्याबाईनं डबा स्वतः आणून माझ्या हातात दिला, झाकणावर फडकं बांधून, बाळंतपणाला निघालेल्या लेकीचं सामान द्यावं तसा. "एक फूल खराब नाई झालं," ती म्हणाली. बसमध्ये तुमसरपर्यंत उभी, पुढे नागपूरपर्यंत मांडीवर डबा.

मॅडमनी फुलं हातात घेतली, रंग बघितला, मान हलवली. चांगली वाळलीत म्हणाल्या. आम्ही ती दळली, भुगा पोलादी भांड्यात भरला, झाकण आवळलं. पंप सुरू झाला, काटा चढायला लागला. चकती या वेळी गळली नाही. दाब सोडायच्या झडपेवर पांढरं बर्फ धरलं आणि त्याच्या खालच्या काचेच्या बाटलीत थेंब थेंब काहीतरी उतरायला लागलं. कमळाचं मेण फिकट पिवळं यायला हवं. हे हिरवट होतं. मी स्वतःला सांगितलं, उजेडामुळे दिसत असेल. मॅडमनी बाटली काढली, हुंगली, पुन्हा हुंगली आणि माझ्याकडे दिली.

"कमळ आहे हे?"

मी हुंगलं. कडू. घशापर्यंत कडू, आणि खाली कुठेतरी, खोल, कमळाचा एक धागा, आता होता आता नाही.

"यात कडुनिंब आहे," मॅडम म्हणाल्या. "आधी आला नाही तुम्हाला वास? डब्यात?"

नव्हता आला. खरंच नव्हता आला. आमच्या घरात भाताला तो वास, गोधडीला तो वास, वहीच्या पानाला तो वास. आमच्या नाकाला तो वास वाटतच नव्हता. धूर काढला, बिडी काढली, मासे काढले, आणि हा जन्मापासून नाकात बसलेला, तो कुणाला आठवणार?

"घरी वाळवलं," मी म्हणाले.

"मग घरच उतरलंय यात," त्या म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. पुन्हा फुलं आणा, मी पुन्हा यंत्र देते, असंही म्हणाल्या. मी म्हणाले, आता कमळ पुढच्या पावसाळ्यात. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला. "तोवर जागा रिकामी ठेवणं माझ्या हातात नाही हो." आणि बाटली धुवायला दिली.

परतीच्या बसमध्ये मी काय काय बोलायचं ते ठरवत गेले. शब्द जमवले, धार लावली. घरी पोचले तेव्हा आत्याबाई अंगणात सूप घेऊन नवा धान पाखडत होती. मी रिकामा डबा तिच्यासमोर आपटला.

"माह्या फुलांत निंबाचा पाला कोनं टाकला?"

"मीच. आनखी कोन टाकन?"

"काहून टाकला वं आत्याबाई? काहून?"

"काहून म्हंजे? पावसाचे दिवस, डब्बा बंद. किडे नसते लागले? तुह्यी एवढी मेहनत." सूप थांबलं नव्हतं. "आन जाताना काढूनगिन टाकला न मी. सारा चाळून काढला. एक पान नाई ठेवलं. तुले कचरा दिसला का?"

मग मी सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, की पाला काढला तरी त्याचा वास, त्याचं तेल, त्याची भुकटी फुलांत राहिली, की यंत्रानं कमळ सोडून तेच ओढलं, की मॅडमनी बाटली धुऊन टाकली, की जागा झेंडूवाल्याला गेली, की आता मला शाळेत जावं लागेल. माय दारात येऊन उभी राहिली. आत्याबाईनं सूप खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं, मधे एक शब्द न बोलता, जे तिच्या आयुष्यात आधी कधी झालं नसावं.

"पन कीड तं नाई लागली न?" ती म्हणाली.

मी आपटलेला डबा उचलून सरळ ठेवला.

"नाई लागली," मी म्हणाले.

"मंग," ती म्हणाली, आणि सूप उचललं.

तेवढ्यात माय आत गेली आणि पितळेचा एक लहान डबा घेऊन आली. लक्ष्मीपूजनाला म्हणून तिनं माझ्या वाळवणातली ओंजळभर कमळं आधीच काढून ठेवली होती, कडुनिंब पडायच्या आधी. "माह्यापाशी आहे थोडं, बेबी. याच्यानं होते का पाह्य." थोडंसं पुरे होतं, एका लहान भांड्यापुरतं, मी रात्रीच्या गाडीनं परत जायला तयार होते. मी झाकण उघडलं. फुलं सुंदर होती, गुलाबी, जशीच्या तशी. आणि त्यांच्या मधोमध, देवघरातल्या डब्यात कायम असते तशी, कापराची पुडी. मी डबा मायच्या हातात परत दिला आणि तिथेच जमिनीवर बसून हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. माय घाबरली. बाबा गोठ्यातून आले, बिडी विझवून, अजूनही सवयीनं बाहेरच विझवून, आणि सगळं ऐकल्यावर एवढंच म्हणाले, "मंग शाळेले कळवतो." रडारड नाही पाहिजे असं ठरलं होतं, पण त्याची आठवण त्यांनी करून दिली नाही.

आंधळगावच्या त्या शाळेत माझी सगळी नोकरी गेली. शाळा वाईट नव्हती. मुलं चांगली होती, काही फार चांगली होती, अजून रस्त्यात पाया पडतात. पण मला ती नको होती, आणि नको असलेली गोष्ट चांगली निघाली म्हणून हवीशी होत नाही. लोक म्हणतात, जे होतं ते चांगल्यासाठी. म्हणू देत. मी दर वर्षी मुलांसमोर चुनखडीवर आम्ल ओतून कार्बन डायऑक्साइड तयार केला, जळती काडी त्यात विझवून दाखवली आणि पुढच्या धड्याकडे वळले. याच वायूला दाबलं तर तो फुलात शिरतो, हे एकदा सांगायला गेले होते. एक मुलगी म्हणाली, बाई, दाखवा न. त्यानंतर सांगितलं नाही.

आत्याबाई पुष्कळ जगली. शेवटपर्यंत पाहुण्यांना डाळीची मूठ दाखवायची, आणि त्यानंतर माझ्याकडे बोट करून सांगायची, "आमच्या बेबीचे कमळं. अख्खा पावसाळा ठेवले. एक किडा नाई लागला." पाहुणे माझ्याकडे कौतुकानं पाहायचे आणि मी आत चहा टाकायला जायची. तिला खरंच वाटायचं की त्या सगळ्या गोंधळात तिच्याकडून जेवढं करायचं होतं तेवढं नीट झालं. आणि झालं होतंच ना. किडा नव्हताच लागला.

आता मी एकटी राहते. चुलत भावांच्या सुना येतात, डबे उघडून बघतात आणि हळहळतात. आत्या, पावसाळा आहे, चार पानं निंबाची टाकून ठेवा न, एवढ्याशानं काय होते? मी टाकत नाही. इतकी वर्षं झाली, माझ्या घरात कडुनिंबाचं एक पान येऊ दिलेलं नाही. दर श्रावणात तांदळाला सोंडे लागतात. मग मी परात घेऊन अंगणात बसते, चष्मा लावते, आणि एकेक वेचून काढते.